बाटली नंबर ५३-एन

रविवारी सकाळी जरीपटक्यातून बाहेर पडलं की मासळीवाल्यांचे थर्माकोलचे डबे उघडलेले असतात. समुद्र आपल्यापासून आठशेच्या आसपास किलोमीटर लांब, तरी बर्फात पडलेली सुरमई आणि कोळंबी तिथे हजर. बाजूला आपल्या तलावातले रोहू-कतला. आमच्या शेजारच्या सिंधी आजी मासा घेताना आधी कल्ला उचलून बघतात, मग पोटाला बोट दाबून बघतात, मग वास घेतात, आणि तिन्हींत पास झाला तरच भाव विचारतात. लॅब टेस्टच म्हणा ना.

या टेस्टमध्ये जे दिसत नाही त्यावर फीचर करायचं म्हणून मी माझ्या मैत्रिणीला गाठलं. ती तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. तिने मला मायक्रोस्कोपखाली स्वल्पविरामासारखा वाकडा एक जंतू दाखवला. व्हिब्रिओ. याची भावंडं फार. एक कोळंबीच्या पिल्लांच्या टाक्या रात्रीतून रिकाम्या करतो. दुसऱ्याने १९५० मध्ये जपानच्या ओसाकात छोट्या माशांच्या खाण्यातून २७२ लोकांना आजारी पाडलं, त्यातले २० दगावले. आणि या खानदानातला सगळ्यात बदनाम म्हणजे कॉलऱ्याचा. मग तिने सहज विचारलं, की याच्यावरची लस घेऊन भारतात कोण आलं होतं, माहीत आहे का? मला नव्हतं माहीत. नाव ऐकल्यावर मात्र ओशाळले, कारण ते नाव आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. हाफकिन. मुंबईतली ती संस्था, पोलिओचे डोस बनवणारी. मला वाटायचं हे एखाद्या कंपनीचं नाव असेल.

व्लादिमीर हाफकिन हा माणूस होता, आणि त्याच्यासोबत जे झालं ते वाचून मी मासळीचं फीचर बाजूला ठेवलं.

त्याचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरातला. घर ज्यू. बालपणाचा बराच भाग बर्द्यान्स्क या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या गावात गेला. आई लहानपणीच वारली. १८७९ मध्ये तो ओडेसाच्या विद्यापीठात आला, तेव्हा तिथे प्राणिशास्त्र शिकवायला इल्या मेचनिकॉफ होते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे सांगणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे तेच. हाफकिन त्यांचा लाडका विद्यार्थी झाला. पण तो नुसता अभ्यासू नव्हता. झारच्या राजवटीविरुद्ध चळवळी चालू होत्या, त्यात हा होता. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातल्या ज्यू तरुणांनी वस्ती वाचवायला गट केला, हाफकिन त्यात गेला, जखमी झाला, पकडला गेला. मेचनिकॉफ मध्ये पडले म्हणून सुटला. वय एकवीस. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान.

पदवी झाली, पण नोकरी? ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन हो, मग प्राध्यापकी देतो, असा मामला होता. त्याने धर्म बदलला नाही. मग ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे म्युझियममध्ये, सहा वर्षं काम करत राहिला. तिथे त्याचा अभ्यास होता पाण्यातल्या एकपेशीय जिवांवर. युग्लेना, पॅरामेशियम. बारावीच्या बायोलॉजीत आपण ज्यांची चित्रं काढून पेन्सिलीने रंगवतो तेच.

माझ्या मैत्रिणीला यात सगळ्यात जास्त रस वाटला आणि मला आधी कळलंच नाही का. गोष्ट अशी. १८८८ मध्ये हाफकिनने रशिया सोडला, काही काळ जिनिव्हात शिकवलं आणि १८८९ मध्ये पॅरिसला मेचनिकॉफच्या मागोमाग पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. जागा एकच रिकामी होती, ग्रंथालयातली. त्याने ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची, उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप. असं म्हणतात की मन थकलं की व्हायोलिन वाजवायचा. या ग्रंथपालाने १८९० मध्ये एक निबंध छापला, पॅरामेशियमला होणाऱ्या जंतुसंसर्गावर. पॅरामेशियमच्या केंद्रकात शिरून राहणारे जंतू त्याने पाहिले, त्यांचे तीन प्रकार ओळखले आणि त्यांना होलोस्पोरा हे नाव दिलं. हे नाव आजही चालतं. आज माशांना आणि कोळंबीला होणाऱ्या रोगांचा अभ्यास हे एक मोठं शास्त्र आहे, कॉलेजं आहेत, डिग्र्या आहेत. हा माणूस त्या काळात पाण्यातल्या नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या जिवाला कोणता जंतू आजारी पाडतो, हे बघत बसला होता.

तिथून कॉलरा. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात येऊन तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात हा स्वल्पविरामी जंतू शोधला होता. स्पेनमध्ये फेरान नावाच्या डॉक्टरने लस करून पाहिली होती, पण तिच्यावर फार कुणाचा भरवसा बसला नाही. हाफकिनने प्रश्न नीट मांडला. जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, तिथून तिसऱ्याच्या, असे एकोणचाळीस वेळा फिरवून त्याने जंतूची एक जहाल जात तयार केली. दुसरीकडे गरम हवा सोडून जंतू दुबळा केला. आधी दुबळ्याचं इंजेक्शन, काही दिवसांनी जहालाचं. आधी सशांवर, गिनीपिगवर. मग माणसावर करायची वेळ आली तेव्हा, १८ जुलै १८९२ ला, त्याने सुई स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखलं, बरा झाला. मग दुसरा डोस. मग मित्रांना. महिना संपायच्या आत पॅरिसच्या शास्त्रज्ञांपुढे निकाल मांडला.

शास्त्रज्ञांनी माना डोलावल्या, पण कॉलरा पॅरिसच्या सभागृहात नव्हता ना! तो होता आपल्याकडे. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या शब्दावर सरकारने परवानगी दिली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरला. रशियन, ज्यू, त्यात डॉक्टरकीची डिग्री नाही, प्राणिशास्त्रज्ञ. इंग्रज डॉक्टरांना तो हेर वाटला तरी नवल नाही. आपल्या लोकांना तो सुई घेऊन आलेला आणखी एक गोरा वाटला. दोघांचंही चूक म्हणवत नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कलकत्त्यातल्या कट्टल बागान नावाच्या वस्तीत काय झालं ते बघा. वस्ती दोन तळ्यांभोवती. पिणं, आंघोळ, धुणं, सगळं त्याच पाण्यावर. कॉलऱ्याने माणसं मेल्यावर तिथल्या सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी दहा जणांना कॉलरा झाला, सात मेले. हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी. एकच वस्ती, तेच पाणी, अर्धे टोचलेले, अर्धे नाहीत. मोठ्या चाचण्यांमध्ये आज जी तुलना करतात ती इथे वस्तीनेच घडवून आणली होती. हाफकिन हे आकडे लिहून ठेवण्यात पक्का होता. टोचलेले किती, न टोचलेले किती, आजारी किती, मेले किती. हा हिशेब नसता तर लस चालते की नाही याची नुसती भांडणंच झाली असती. दोन-अडीच वर्षांत त्याने बेचाळीस हजारांवर माणसांना टोचलं. स्वतः मलेरियाने पार खंगला, इंग्लंडला जाऊन आला, १८९६ मध्ये परत हजर. आसामच्या चहामळ्यांत काम चालू असतानाच मुंबईहून बोलावणं आलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला होता. हा भाग आपल्याला शाळेत थोडाफार शिकवतात, पण पुण्याच्या बाजूने. रँड, सोजिरांची घरझडती, चापेकर बंधू, २२ जून १८९७. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या ती तारीख १० मार्च १८९७. याच महिन्यांत मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत आणि व्हरांड्यात एक माणूस लस बनवत होता, हे मात्र मला कुठल्या धड्यात वाचल्याचं आठवत नाही. त्याला स्टाफ किती दिला होता? एक कारकून आणि तीन शिपाई.

या वेळी त्याने पद्धत बदलली. जिवंत जंतू नाही, मेलेले. मांसाच्या सारात प्लेगचे जंतू वाढवायचे. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं तर इथे लस कुणीच घेणार नाही हे त्याला कळत होतं, म्हणून बकऱ्याचं मांस. वर तूप किंवा खोबरेलाचे थेंब टाकले की जंतू तेलाच्या थराला धरून खाली लोंबत वाढतात, गुहेत छताला चुनखडीची झुंबरं लोंबतात तसे. भांडं हलवलं की ती झुंबरं तळाला पडतात, वर नवी वाढतात. शेवटी उष्णता देऊन सगळे मारायचे आणि वरून थोडं कार्बोलिक ॲसिड, म्हणजे पुढे दुसरा कुठला जंतू शिरला तर तो मरावा. हे कार्बोलिक लक्षात ठेवा.

१० जानेवारी १८९७. ठरवलेल्या डोसाच्या कितीतरी पट लस त्याने स्वतःला टोचून घेतली. ताप, वेदना, आणि तरी कामावर हजर. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या निम्म्या कैद्यांनी स्वतःहून लस घेतली, आणि टोचलेल्यांत रोगाचं प्रमाण स्पष्ट कमी दिसलं. खरं सांगू का, कैद्याचं स्वतःहून म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला पडलाच. आज अशी चाचणी कुठलीही एथिक्स कमिटी पास करणार नाही. पण त्या काळात सरकारकडे लस सक्तीची करायचा मोह असताना हाफकिन स्वतः सक्तीच्या बाजूचा नव्हता. लोकांनी पटून घ्यावी असं त्याचं म्हणणं होतं. आगाखानांनी चारचौघांसमोर लस घेतली, राहायचा बंगला लॅबसाठी दिला, आणि त्यांच्या खोजा समाजातल्या हजारोंनी रांगा लावल्या. पुण्यात दारं फोडून जे जमलं नाही ते इथे एका माणसाने बाही वर केल्यावर झालं.

ऑगस्ट १८९९ मध्ये लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. एका खोलीची मोठी संस्था झाली, देशभर बाटल्या जाऊ लागल्या. आणि मग पंजाबने मागणी केली. लाखांनी डोस हवे होते, लगेच हवे होते. जुन्या पद्धतीत वेळ लागत होता. हाफकिनने उत्पादन वेगाने व्हावं म्हणून नवी पद्धत घेतली आणि त्यात कार्बोलिक वगळलं. उष्णतेने जंतू मरतात, मग वेगळं ॲसिड कशाला, हा विचार. पॅरिसमध्येही तसंच चालत होतं, चूक काही नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचलं. एक बाटली होती ५३-एन. त्या एका बाटलीतून ज्या एकोणीस जणांना टोचलं, त्यांना आठवडाभरात धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

इथे थांबून विचार करायचा तर प्रश्न एकच आहे. धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला कधी? परळला बाटली भरताना, की मुल्कोवालला बूच काढताना? परळला शिरला असेल तर दोष हाफकिनचा आणि त्याच्या नव्या पद्धतीचा. गावात शिरला असेल तर दोष त्या क्षणाचा. सरकारने चौकशी नेमली, मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष. निष्कर्ष आला की बाटली परळलाच दूषित झाली असावी. कार्बोलिक का वगळलं, विचारून वगळलं का, हे मुद्दे त्याच्यावर उलटले. हाफकिनला कामावरून दूर केलं. १९०४ मध्ये तो भारतातून गेला. ज्याने स्वतःच्या अंगावर दोन-दोन लसी तपासल्या तो माणूस आता निष्काळजी ठरला होता.

पण पुरावे काय सांगत होते? बाटली भरून एकेचाळीस दिवस झाले होते. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत इतके दिवस वाढला असता तर द्रावणाला घाण वास आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला असा कोणताही वास आला नव्हता. आणि दुसरी गोष्ट, ती चौकशीच्या कागदांतच होती. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलून नुसता द्रावणात बुडवला. ज्योतीवर धरायला हवा होता, धरला नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, आणि सौम्य जंतुनाशकाने ते मरत नाहीत. आपल्याला हे टिटॅनसचं इंजेक्शन घेताना घरचे सांगतातच, की मातीत पडून लागलंय.

मी हे वाचलं तेव्हा मला राग आधी त्या मदतनिसाचा आला. मग वाटलं, गावात दिवसभर रांग, उन्हात टेबल, हातात एकच चिमटा, आणि आपण इथे एसीत बसून त्याच्यावर चिडतोय. पण तो कागद पुराव्यांच्या गठ्ठ्यात असताना एका शास्त्रज्ञाचं आयुष्य बाजूला टाकलं गेलं, हे मात्र कुणाच्या घाईने झालं नव्हतं. तिथे वाचायला वेळ होता.

सरकारने अहवाल छापला तोच १९०६ च्या शेवटी. छापल्यावर मात्र इंग्लंडमधले जंतुशास्त्रज्ञ तुटून पडले. मलेरियाचं डासांशी नातं शोधणारे रोनाल्ड रॉस सगळ्यात पुढे. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंतांच्या सह्यांचं पत्र आलं, की पुराव्यांवरून हाफकिनवर दोष येत नाही. काही लोक या प्रकरणाला छोटं ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं होतं, त्यावरून. हाफकिन ज्यू नसता तर असंच झालं असतं का, हे ठरवणं कठीण, पण तो विचार तेव्हाही लोकांच्या डोक्यात आला होता. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने त्याला परत नोकरी देऊ केली.

परत आला तर परळची खुर्ची दुसऱ्याकडे. त्याला कलकत्त्याला पाठवलं, लहान लॅबमध्ये. त्यातही लसींच्या प्रत्यक्ष चाचण्या करायला मनाई, फक्त सैद्धांतिक काम करायचं. सगळं आयुष्य वस्त्यांत आणि चहामळ्यांत सुई घेऊन फिरलेल्या माणसाला टेबलाशी बसवलं. निर्दोष सुटला असं पुस्तकात एका ओळीत येतं. ही सात वर्षं त्या ओळीत बसत नाहीत. १९१४ मध्ये निवृत्त होऊन तो युरोपला गेला. लग्न केलं नव्हतं. उतारवयात धर्माकडे वळला, मिळकत ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानला वारला.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला हाफकिनचं नाव दिलं गेलं, तेव्हाचे संचालक मॅकी यांच्या सुचवण्यावरून. तोवर तिथून प्लेगच्या लसीचे दोन कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये आपल्या पोस्टाने त्याचं तिकीट काढलं.

हे सगळं मैत्रिणीला सांगितलं तर तिने मला परत माशांकडे आणलं. नॉर्वेतल्या सामन माशांच्या शेतीत १९८० च्या दशकात व्हिब्रिओने धुमाकूळ घातला होता, खाद्यातून अँटिबायोटिक देऊन काम चाललं होतं. मग त्यांनी मेलेल्या जंतूंची लस काढली आणि माशांना टोचली. अँटिबायोटिक जवळजवळ बंद झालं. मेलेले जंतू टोचायचे, ही तीच कल्पना, ग्रँट मेडिकलच्या व्हरांड्यातली. कोळंबीचं गणित वेगळं. तिच्यात आपल्यासारखी प्रतिपिंडंच बनत नाहीत, त्यामुळे लस तिला तशी लागू पडत नाही. २०१३ मध्ये सिद्ध झालं की आशियातल्या कोळंबी शेतीला बुडवणारा नवा रोग त्या ओसाकावाल्या व्हिब्रिओच्याच एका जातीमुळे होतो. तिथे उपाय म्हणजे स्वच्छ पाणी, तपासलेली पिल्लं, टाकी वाळवणं आणि हात धुणं. विदर्भातल्या तलावांत रोहूच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा येतात, त्यामागे बऱ्याचदा एरोमोनास नावाचा जंतू असतो. त्यावर ती प्रोजेक्ट करते आहे.

लॅबमधून निघताना तिने प्लेटवरून जंतू उचलायची तारेची लूप हातात घेतली. घेताना ती टेबलाच्या कडेला लागली. काही पडलं नव्हतं, नुसती लागली. तिने बर्नर परत पेटवला आणि तार लालभडक होईपर्यंत ज्योतीत धरून ठेवली. मी घाई करत होते, ऑटोवाला खाली थांबला होता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.